मजकूर हलवणे वेगळे, त्याची नक्कल करणे वेगळे

प्रति,
माननीय संपादक

विषय: वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर हलवताना आणि त्याची नक्कल करताना होणारे घोळ

स. न. वि. वि.

संगणकाच्या प्राथमिक वर्गांत आणि वृत्तपत्रांच्या संगणकविषयक सदरांत मजकूर इकडचा तिकडे नेण्यासाठी तीन कळजोड्या शिकवल्या जातात: कापायला कंट्रोल-एक्स, नक्कल घ्यायला कंट्रोल-सी, चिकटवायला कंट्रोल-व्ही. पाठ तिथेच संपतो. एका पानाच्या अर्जाला तेवढे पुरतेही. पण चाळीस पानांचा अहवाल, करारनामा किंवा प्रबंध समोर आला की याच तीन कळांनी अनुक्रमांक विस्कटतात, निम्म्या परिच्छेदाचे अक्षर बदलते, ‘पाहा प्रकरण ३’ लिहिले होते तिथे इंग्रजी त्रुटिसंदेश उमटतो आणि मधलेच एखादे पान आडवे होते. मग ‘वर्ड बिघडलं’ म्हणून फाइल दुसऱ्याकडे जाते. बहुतेक वेळा बिघडलेले काहीच नसते. हलवण्याच्या जागी नक्कल केलेली असते, किंवा नकलेबरोबर काय काय आले हे पाहिलेले नसते. हा विषय सविस्तर छापला जावा असे मनापासून वाटते, म्हणून हे लांबलेले पत्र.

‘कापा-चिकटवा’ ही कल्पना कागदाच्या जगातली. हस्तलिखिताचा तुकडा कात्रीने कापायचा आणि दुसऱ्या जागी खळीने चिकटवायचा. १९७५च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक तयार केला, त्यात ही कात्री आणि खळ पडद्यावर आली. पण कागदाच्या तुकड्यावर दिसते तेवढेच असते. पडद्यावरच्या तुकड्यासोबत न दिसणारे सामान येते: स्टाइल (नाव देऊन ठेवलेले अक्षराचे व परिच्छेदाचे रूप), अंतरे, बुकमार्क (मजकुरातली एखादी जागा ओळखण्याची खूण), भाषेची नोंद, कधी संपूर्ण पानाची मांडणी. सगळे घोळ या सामानापाशी सुरू होतात.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की नक्कल करून मूळ पुसले म्हणजे मजकूर हलवला. सावध माणसे मुद्दाम तसे करतात, कापलेला मजकूर हरवेल या भीतीने. पण वर्डमध्ये शीर्षकाला क्रॉस-रेफरन्स (‘पाहा प्रकरण ३’सारखा, वर्डने जोडलेला संदर्भ) दिला की त्या शीर्षकाभोवती एक अदृश्य बुकमार्क बसतो. शीर्षक कापून त्याच फाइलमध्ये दुसरीकडे चिकटवले तर बुकमार्क त्याच्याबरोबर जातो. नक्कल केली तर तो मूळ जागी राहतो, नकलेला मिळत नाही. मग मूळ पुसले की बुकमार्कही पुसला जातो आणि पुढच्या वेळी संदर्भ ताजे होताना ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असे उमटते. हा संदेश लगेच दिसत नाही, म्हणून कारण सापडत नाही. संदर्भ हे ‘फील्ड’, म्हणजे वर्डने स्वतः भरायचे रकाने, असतात आणि ते आपोआप ताजे होत नाहीत. बदल सोमवारी होतो, त्रुटी छापताना शुक्रवारी दिसते. त्यासाठी मोठी हलवाहलव झाली की तिथल्या तिथे कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबावे, तुटलेले संदर्भ लगेच समोर येतात, आणि कंट्रोल-झेडने मागे जाण्याची सोय तोवर शाबूत असते.

फाइल दुसऱ्या कोणी तपासायची असेल तर हा फरक आणखी जाणवतो. ‘ट्रॅक चेंजेस’ (केलेले बदल खुणांसह दाखवणारी सोय) चालू असताना सबंध परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवला तर वर्ड तो ‘हलवला’ म्हणून दाखवते, सहसा हिरव्या दुहेरी रेघांनी. तपासणाऱ्याला कळते की शब्द तेच आहेत, जागा बदलली आहे. नक्कल करून नंतर मूळ पुसले तर एकीकडे नवा मजकूर आणि दुसरीकडे खोडलेला मजकूर दिसतो, आणि त्या बिचाऱ्याला दोन्ही शब्दशः ताडून पाहावे लागतात.

हलवण्यासाठी क्लिपबोर्डची, म्हणजे कापलेला किंवा नक्कल घेतलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेची, गरजच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोजवरच्या वर्डमध्ये परिच्छेदात कुठेही कर्सर ठेवून आल्ट-शिफ्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबला की तो परिच्छेद एकेक पायरी सरकतो. काही निवडावे लागत नाही, यादीतले क्रमांक आपोआप बदलतात आणि तक्त्याची ओळही अशीच वरखाली होते. गुगल डॉक्समध्ये हीच जोडी चालते. लिब्रेऑफिस रायटर या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरमध्ये शिफ्टच्या जागी कंट्रोल घ्यावे, म्हणजे कंट्रोल-आल्ट आणि बाण. मराठी टंकणाऱ्यांसाठी एक सूचना: अनेक संगणकांवर डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून नुसतीच सोडली तर कळफलकाची भाषा बदलते. बाण दाबून होईपर्यंत दोन्ही कळा सोडू नयेत.

लांबच्या जागेसाठी एफ-२ उत्तम. मजकूर निवडा, एफ-२ दाबा. खालच्या पट्टीत ‘कुठे हलवायचे?’ अशा अर्थाचा इंग्रजी प्रश्न येतो. हव्या त्या पानावर जाऊन क्लिक करा आणि एंटर दाबा. विचार बदलला तर एस्केप. शिफ्ट-एफ-२ने याच रीतीने नक्कल होते. क्लिपबोर्डवर आधीपासून काही ठेवलेले असेल तर त्याला धक्का लागत नाही. लॅपटॉपवर एफ-२ दाबून पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलत असेल तर सोबत एफएन कळही धरावी लागते.

माऊसने ओढून नेण्याची पद्धत सर्वांना माहीत असते, पण ती दोन-चार ओळींच्या अंतरासाठीच ठीक. पानाच्या कडेशी पोचताच मजकूर भरधाव सरकू लागतो आणि तुकडा भलत्याच वाक्यात पडतो. ओढायचेच असेल तर ‘व्ह्यू’मधल्या ‘स्प्लिट’ने खिडकी दुभंगावी, वर मूळ जागा, खाली नवी जागा, आणि एका भागातून दुसऱ्यात ओढावे. ओढताना कंट्रोल धरली तर नक्कल होते. ती सोडण्याचा क्रम चुकतो तिथे गडबड होते: आधी माऊसचे बटण सोडायचे, मग कंट्रोल. उजव्या बटणाने ओढले तर सोडल्यावर ‘इथे हलवा’ आणि ‘इथे नक्कल करा’ असे पर्याय विचारले जातात. नवशिक्यांना मी हीच रीत सुचवेन.

सबंध प्रकरणे हलवायची असतील तर मात्र निवड करत बसूच नये. शीर्षकांना ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल दिलेल्या असल्या की ‘नेव्हिगेशन पेन’ या बाजूच्या पट्टीत त्यांची यादी दिसते. तिथे शीर्षक धरून वर किंवा खाली ओढले की त्याखालची उपशीर्षके, तक्ते, चित्रे, तळटीपा असा सगळा लवाजमा सोबत जातो. तळटीपांचे आणि शीर्षकांचे स्वयंचलित क्रमांक नव्याने लागतात. रायटरमध्ये एफ-५ने उघडणाऱ्या नॅव्हिगेटरमध्ये हीच सोय आहे. शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करून ठेवले असेल तर ते या यादीत येतच नाही. तीस पानांचा मजकूर माऊसने निवडत बसलेला माणूस दिसला की समजावे, स्टाइल वापरलेल्या नाहीत.

आणखी एक जुनी सोय, जिचा उल्लेख सदरांत सहसा येत नाही: ‘स्पाइक’. जुन्या कचेऱ्यांत बिले ओवून ठेवायची उभी तार असे, तिच्यावरून हे नाव पडले. वेगवेगळ्या पानांवरचे तुकडे निवडून दर वेळी कंट्रोल-एफ-३ दाबत जायचे. प्रत्येक तुकडा मूळ जागेवरून निघतो आणि आधीच्या तुकड्यांमागे ओवला जातो. शेवटी हव्या जागी कंट्रोल-शिफ्ट-एफ-३ दाबले की सगळे त्याच क्रमाने उतरतात आणि तार रिकामी होते. दहा ठिकाणी विखुरलेले मुद्दे एका परिशिष्टात गोळा करण्याचे काम यामुळे निम्म्याहून कमी वेळात होते.

आता निवडीबद्दल. वर्डमध्ये परिच्छेदाची मांडणी, म्हणजे समास, ओळींतले अंतर, क्रमांक, स्टाइल, ही परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या अदृश्य चिन्हात साठवलेली असते. चिन्हासकट उचलले तर रूप सोबत येते. चिन्ह मागे ठेवले तर मजकूर नव्या जागेचे रूप घेतो. दोन्ही गोष्टी कधी ना कधी हव्या असतात, फक्त त्या ठरवून झाल्या पाहिजेत. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून ही चिन्हे दिसती करावीत. परिच्छेदावर तीनदा क्लिक केले तर चिन्हासह निवड होते, कंट्रोल धरून एकदा क्लिक केले तर फक्त वाक्य निवडले जाते. माऊसवर हात स्थिर नसेल तर एफ-८ वापरावी: एकदा दाबून निवड सुरू, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद, पाचव्यांदा पूर्ण फाइल. एस्केपने त्यातून बाहेर.

ज्या शीर्षकाला संदर्भ दिलेला आहे त्याच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून परिच्छेद चिकटवू नये. अदृश्य बुकमार्क तिथेच सुरू होतो, त्यामुळे नवा मजकूर बुकमार्कच्या पोटात शिरतो आणि संदर्भ ताजे केल्यावर ‘पाहा’च्या पुढे आख्खा परिच्छेद उमटतो. आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर दाबावे आणि तिथे चिकटवावे.

सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे वेगवेगळ्या मांडणीचे विभाग पाडणारी खूण, हा परिच्छेदचिन्हाचा थोरला भाऊ. कागदाचा आकार, पान उभे की आडवे, समास, हेडर-फूटर हे सगळे त्या विभागाच्या अखेरीस असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेले असते, म्हणजे ब्रेक त्याच्या वरच्या मजकुराचा असतो. तो चुकून निवडीत आला आणि दुसऱ्या फाइलमध्ये चिकटला की तिथली आधीची पाने त्याच्या मांडणीत जातात. एखादे पान ‘आपोआप’ आडवे होते ते असे. शेवटच्या विभागाची मांडणी फाइलच्या अगदी शेवटच्या परिच्छेदचिन्हात असते. एखादी फाइल विचित्र वागू लागली, उघडायला वेळ लावू लागली, तर तिच्यातला ते शेवटचे चिन्ह वगळून सगळा मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये नेणे हा जाणकारांचा जुना उपाय आहे. बहुतेक वेळा बिघाड जुन्या फाइलमध्येच राहतो.

नकलेकडे वळू. कंट्रोल-सी दाबले की क्लिपबोर्डवर एकच गोष्ट अनेक रूपांत ठेवली जाते: साधा मजकूर, मांडणीसह मजकूर, वेबपानाच्या स्वरूपातला मजकूर. कोणते रूप घ्यायचे हे चिकटवणारा प्रोग्राम ठरवतो. म्हणूनच तोच तुकडा नोटपॅडमध्ये साधा आणि वर्डमध्ये रंगीत उतरतो. वर्डमध्ये हा निर्णय आपण हाती घेऊ शकतो. चिकटवल्यावर शेजारी छोटे चिन्ह येते, तिथे मुख्य पर्याय तीन: ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ मूळ रूप राखते, ‘मर्ज फॉरमॅटिंग’ नव्या जागेचे रूप देऊन ठळक-तिरप्यासारखा जोर टिकवते, ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ फक्त अक्षरे आणते, चित्रे आणि तक्त्याच्या चौकटी टाकून देते. बाहेरून आणलेल्या लेखी मजकुराला मधला पर्याय बहुधा बरा. रोज तेच करायचे असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात कट-कॉपी-पेस्टच्या मथळ्याखाली त्याच फाइलमधून, दुसऱ्या फाइलमधून आणि दुसऱ्या प्रोग्राममधून आणलेल्या मजकुरासाठी वेगवेगळी कायमची निवड करता येते.

कंट्रोल-शिफ्ट-व्हीबाबत सदरांत नेहमी गोंधळ होतो. गुगल डॉक्स आणि अलीकडच्या वर्डमध्ये ती साधा मजकूर चिकटवते. जुन्या वर्डमध्ये तीच जोडी फक्त मांडणी चिकटवत असे. रायटरमध्ये ती ‘पेस्ट स्पेशल’ची खिडकी उघडते आणि साध्या मजकुरासाठी कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-व्ही दाबावी लागते. कळ सांगताना प्रोग्राम आणि त्याची आवृत्ती सांगितलीच पाहिजे.

दोन फाइलींत एकाच नावाची स्टाइल असेल आणि तिचे रूप वेगळे असेल तर नेहमीच्या व्यवस्थेत गंतव्य फाइलचे रूप लागू होते. मूळ फाइलमध्ये ‘नॉर्मल’ १४ आकाराचे, इथे ११ आकाराचे, तर मजकूर लहान दिसणार. उलट जी स्टाइल गंतव्यात नसते ती मजकुराबरोबर आत येऊन कायमची वस्तीला राहते. दहा जणांकडून आलेले तुकडे जोडून केलेल्या अहवालात स्टाइलची यादी संपता संपत नाही ती यामुळे.

देवनागरीसाठी याहून एक पायरी जास्त. वर्डमध्ये देवनागरी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या गटात धरली जाते आणि तिचा फॉन्ट व आकार रोमन अक्षरांपेक्षा वेगळा नोंदवला जातो. वेबपानावरून आणलेल्या मजकुराचा आकार बदलूनही मराठी अक्षर हलत नसेल तर कंट्रोल-डीने फॉन्टची खिडकी उघडून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना बदलावा. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधल्या मजकुराची गोष्ट निराळी. तिथे साठवलेली असतात रोमन अक्षरांची सांकेतिक मूल्ये, फॉन्ट फक्त त्यांवर मराठी आकार चढवतो. अशा मजकुराला ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ लावले की फॉन्ट गळून पडतो आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. तोच फॉन्ट पुन्हा लावला की मराठी परत दिसते. पण पुढे वापरायचे असेल तर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावे आणि मग रफार, ‘ऱ्य’ व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, कारण चुका तिथेच राहतात.

पीडीएफमधून नक्कल हा सर्वांत कष्टाचा प्रकार. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, जरी ती व्यंजनाआधी दिसत असली तरी. पीडीएफमध्ये पुष्कळदा दिसण्याचा क्रम नोंदलेला असतो, म्हणून ‘किती’मधली वेलांटी सुटी पडते किंवा शेजारच्या अक्षराला चिकटते. मूळ वर्ड फाइल मागणे हाच खरा उपाय. प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटण्याचा त्रास मात्र कंट्रोल-एचने, म्हणजे ‘शोधा आणि बदला’च्या खिडकीतून, दूर होतो. टोपीचे चिन्ह म्हणजे शिफ्ट-६ आणि लगेच इंग्रजीतला लहान ‘पी’ ही परिच्छेदचिन्हाची खूण. आधी लागोपाठच्या दोन खुणांच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली खूण टाका, उदाहरणार्थ तीन तारे. मग उरलेल्या एकेका खुणेच्या जागी एक मोकळी जागा. शेवटी तीन ताऱ्यांच्या जागी परत परिच्छेदाची खूण. पहिली पायरी गाळली तर सगळे परिच्छेद मिळून एकच होतो. आणि पीडीएफमध्ये परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसेल तर ही युक्ती चालत नाही, परिच्छेद हातानेच पाडावे लागतात.

नक्कल मुळात करूच नये अशीही एक जागा आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. करारनाम्यात पक्षकाराचे नाव वीस ठिकाणी येते. नक्कल करून वीसदा चिकटवले की उद्या नाव बदलल्यावर एकोणीस ठिकाणी बदलते आणि विसावे तसेच राहते. वर्डमध्ये ‘इन्सर्ट’, ‘क्विक पार्ट्स’, ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ या वाटेने ‘कंपनी’ किंवा ‘टायटल’सारखा रकाना मजकुरात ठेवता येतो. तो रकाना हवा तितक्या ठिकाणी चिकटवा, एका जागी बदललेले सगळीकडे तत्काळ बदलते. जास्त नावे असतील तर पहिल्या ठिकाणी बुकमार्क देऊन बाकी ठिकाणी क्रॉस-रेफरन्सने ‘बुकमार्क टेक्स्ट’ घ्यावा. बुकमार्कच्या नावात मोकळी जागा चालत नाही. आणि मूळ नाव बदलताना सगळे निवडून त्यावर टंकले तर बुकमार्कच पुसला जातो. नावाच्या मध्ये कर्सर ठेवून नवे लिहावे, मग आजूबाजूची जुनी अक्षरे काढावीत, मग कंट्रोल-ए, एफ-९.

तीच गोष्ट जुन्या पत्रावर नवे पत्र लिहिण्याची. जुने नाव, जुनी तारीख, जुना जावक क्रमांक राहून जातो तो हमखास हेडरमध्ये किंवा विषयाच्या ओळीत. नेहमीच्या पत्राचा एकदा टेम्प्लेट, म्हणजे साचा, करून ठेवावा, म्हणजे दर वेळी नवी निनावी फाइल उघडते आणि जुनीवर चुकून ‘सेव्ह’ होत नाही. ठरावीक परिच्छेदांसाठी मजकूर निवडून आल्ट-एफ-३ने त्याला छोटे नाव द्यावे. पुढे ते नाव टंकून एफ-३ दाबले की पूर्ण परिच्छेद उतरतो.

क्लिपबोर्डचा इतिहास विंडोज-व्ही या जोडीने दिसतो. तो एकदा चालू करावा लागतो, त्यात २५ गोष्टी मावतात, आणि पिन न केलेल्या गोष्टी संगणक पुन्हा सुरू केल्यावर जातात. ऑफिसच्या स्वतःच्या क्लिपबोर्डवर २४. सोय मोठी आहे, पण नक्कल केलेला पासवर्डही त्या यादीत राहतो. सामायिक संगणकावरून उठताना यादी रिकामी करावी.

एक विनंती. लेखकांसाठीच्या आपल्या सूचनेत शब्दमर्यादा आणि पत्ता असतो. तिथे आणखी दोन ओळी याव्यात: मजकूर युनिकोडमध्ये आणि वर्ड फाइलमध्ये पाठवावा, पीडीएफमध्ये नको. आणि उपशीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल द्यावी, नुसते ठळक करू नये. आपल्या विभागात मजकूर लावणाऱ्यांचा हातानेच करायचा कितीतरी उपद्व्याप त्या दोन ओळींनी वाचेल.

कळावे,
आपला,
मुद्रितशोधन आणि मजकुराच्या मांडणीचे काम करणारा एक वाचक